एरिक लिडेल : धावण्याची गोडी

शाळेतील वार्षिक क्रीडासामने जवळ आले म्हणजे एक गोष्ट दरसाल आमच्या दृष्टीस पडते. ज्यांना मागील वर्षी बक्षिसे मिळालेली असतात ते विद्यार्थी आपली नावे लगबगीने नोंदवितात. आणि उरलेले पुष्कळसे, आपल्याला काय धावता येणार, अभ्यासातून सवड कोठे आहे, शेवटी राहिलो तर लोक हसतील, अशा विचाराने मैदानाच्या कडेला उभे राहतात. पळापळीच्या नादाने मुलाचे विद्यार्जन बिघडेल की काय, अशी शंका पालकांच्याही मनात असतेच. अशा विद्यार्थ्यांच्या व पालकांच्या विचारार्थ आम्ही स्कॉटलंडचे सुप्रसिद्ध धावपटू व चीनमधील मिशनरी एरिक लिडेल यांचे चरित्र येथे थोडक्यात देत आहो. त्यांच्या विजयांची हकीकत पुष्कळांनी ऐकली असेल. १९८१ साली निघालेल्या चॅरिअट्स ऑफ फायर या चित्रपटाने ती जगभर पसरविली. परंतु त्यांना धावण्याची गोडी लागली कशी आणि ती गोडी त्यांनी आपल्या काबूत ठेविली कशी, हा भाग आम्हांस विजयांपेक्षा अधिक बोधप्रद वाटतो.

एरिक हेन्री लिडेल यांचा जन्म ता. १६ जानेवारी १९०२ रोजी उत्तर चीनमधील टिएन्ट्सिन शहरी झाला. त्यांचे वडील रेव्हरंड जेम्स लिडेल हे लंडन मिशनरी सोसायटीच्या वतीने तेथे काम करीत. बॉक्सरांच्या बंडात १९०० साली अनेक मिशनरी व चिनी ख्रिस्ती लोक मारले गेले होते; त्या धामधुमीच्या आठवणी ताज्या असतानाच हे कुटुंब सिआओचांग नावाच्या खेड्यात राहावयास गेले. तेथे एरिक एकदा फार आजारी पडला. दुखण्यातून उठल्यावर त्याचे पाय इतके अशक्त दिसत की, हे मूल पुन्हा कधी धावणार नाही असे एका परिचित बाईंनी बोलून दाखविले, अशी गोष्ट त्यांच्या चरित्रांतून सांगितलेली आहे.

१९०८ साली एरिक व त्याचा वडील भाऊ रॉबर्ट यांस लंडनजवळील ब्लॅकहीथ येथे मिशनऱ्यांच्या मुलांसाठी असलेल्या शाळेत ठेविले गेले. हीच शाळा पुढे एल्थम कॉलेज या नावाने प्रसिद्धीस आली. आईबाप चीनमध्ये आणि मुले वसतिगृहात, अशी वर्षानुवर्षांची ताटातूट त्या काळी मिशनऱ्यांच्या घरी ठरलेलीच असे. वसतिगृहात राहून शिकणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस तिची कल्पना सहज करता येईल. एरिक अबोल व लाजाळू होता; मात्र रग्बी व क्रिकेट या खेळांत तो हळूहळू पुढे आला व दोन्ही खेळांत शाळेच्या संघाचा कप्तान झाला. १९१८ च्या शालेय सामन्यांत दोघा भावांनी मिळून पुष्कळ शर्यती जिंकल्या. पण धावणे हे त्याच्या लेखी तेव्हा अनेक खेळांपैकी एक, एवढेच होते. त्याला त्याने कधी जाणीवपूर्वक वाहून घेतले नव्हते.

१९२१ च्या आरंभी लिडेल एडिंबरो विद्यापीठात विज्ञानशाखेत दाखल झाले. लवकरच एका सहाध्यायाने, विद्यापीठाच्या क्रीडासामन्यांत भाग घेणार का, असे त्यांस विचारले. आपल्यामागे अभ्यास आहे, अशा गोष्टींस वेळ नाही, असे त्यांनी उत्तर दिले. आमच्या शाळेतील कोणाही विद्यार्थ्याने दिले असते तेच हे उत्तर होय! मित्राने मात्र पिच्छा सोडला नाही, आणि केवळ त्याच्या आग्रहाखातर लिडेल रोज थोडा वेळ सरावासाठी काढू लागले. मोठा संकल्प नाही, ऑलिंपिकचे स्वप्न नाही. मित्राचा शब्द मोडवत नाही म्हणून मैदानावर जायचे, एवढाच हा आरंभ होता.

ह्या नवख्या धावपटूने लगेच एक चूक केली. सुट्टीत काही मित्रांबरोबर ते ब्रिटनमधील सर्वांत उंच पर्वत जो बेन नेव्हिस, तिकडे सायकलीवरून गेले. परत येऊन धावू लागतात तो पाय लाकडासारखे ताठ झालेले! सायकल मारण्याने जे स्नायू आवळले होते ते वेगाने धावताना मोकळे होईनात. वेगवेगळे श्रम शरीराला वेगवेगळ्या रीतीने घडवितात, हा धडा त्यांस अशा रीतीने प्रथमच मिळाला. त्यांनी नेटाने थोडाथोडा सराव करून पाय सैल केले. मे १९२१ मध्ये सामने झाले तेव्हा १०० यार्डांची शर्यत त्यांनी जिंकली व २२० यार्डांच्या शर्यतीत ते अगदी थोडक्या अंतराने दुसरे आले. ह्या अनपेक्षित यशामुळे विद्यापीठाच्या संघात त्यांची निवड झाली.

येथून पुढे खऱ्या शिक्षणास सुरुवात झाली. टॉम मकर्चर या अनुभवी शिक्षकाच्या हाती ते सापडले. सराव एडिंबरोच्या पावडरहॉल मैदानावर चाले. तेथे धंदेवाईक धावपटू अंगठ्यांवर नाचत, जागच्या जागी उड्या मारीत, थोडे धावून पुन्हा थांबत. हे सारे लिडेल यांस प्रथम मोठे हास्यास्पद वाटे, आणि आपणही चारचौघांत तसेच करावयाचे या कल्पनेने त्यांना संकोच होई. पण मकर्चर यांनी त्यांचे पाय चाचपून सांगितले की, स्नायू फार कठीण झाले आहेत. मालिश करून ते मऊ केले नाहीत तर एखादे दिवशी ताडकन तुटतील. शर्यतीची दोरी ओलांडताच एकदम थांबावयाचे नाही, वेग हळूहळू कमी करावयाचा, हेही त्यांनीच शिकविले. अंग आधी तापवावे, मग ताणावे, आणि शेवटी सावकाश निववावे, हे आज प्रत्येक क्रीडाशिक्षक सांगतो. त्या तरुणास मात्र ते सर्वस्वी नवे होते. आपले हसे होईल ही भीती एकदा गेल्यावर त्या विचित्र दिसणाऱ्या हालचालींमागील अर्थ त्यांस उमजू लागला, आणि अर्थ उमजला तशी गोडी वाढली. त्याच उन्हाळ्यात स्कॉटलंडच्या राष्ट्रीय सामन्यांत १०० व २२० यार्डांच्या दोन्ही शर्यती त्यांनी जिंकल्या.

त्यांची धावण्याची ढब मात्र कोणत्याही शिक्षकास शेवटपर्यंत सुधारता आली नाही. मान मागे टाकलेली, तोंड उघडे, हात पाणचक्कीसारखे फिरत आहेत, गुडघे उंच उचललेले, असे ते धावत. शास्त्राच्या दृष्टीने हे सर्व चुकीचे होते. पण पाहणारास वाटे की, हा मनुष्य केवळ जिंकण्यासाठी धावत नसून धावण्यातच रमून गेला आहे. शर्यतीपूर्वी प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी हस्तांदोलन करून त्यास सुयश चिंतण्याचा त्यांचा परिपाठ असे. त्या काळी पाय रोवण्यासाठी धावपटू आरंभरेषेवर खुरप्याने लहान खळगे करीत. कोणाजवळ साधन नसले तर लिडेल आपले खुरपे त्यास देत. रग्बीतही ते स्कॉटलंडतर्फे ७ आंतरराष्ट्रीय सामने खेळले; परंतु पुढे धावण्यासाठी त्यांनी तो खेळ सोडला.

१९२३ च्या जुलैत त्यांनी लंडन येथे १०० यार्डांचे अंतर ९.७ सेकंदांत तोडले. हा ब्रिटिश उच्चांक पुढे अनेक वर्षे अबाधित राहिला. त्याच महिन्यात स्टोक येथे ४४० यार्डांच्या शर्यतीत आरंभीच धक्का लागून ते खाली पडले. इतर धावपटू सुमारे २० यार्ड पुढे निघून गेले. शर्यत संपली असेच सर्वांस वाटले. पण लिडेल उठले, धावत सुटले, एकेकास गाठीत गेले आणि पहिले आले. दोरी ओलांडल्यावर त्यांची शुद्ध हरपली. लांब पल्ल्याची शर्यत आपल्याला साधेल, असे तोपर्यंत कोणास फारसे वाटले नव्हते. ह्या पडण्याने ते उघडकीस आले.

१९२४ साली पॅरिस येथे ऑलिंपिक सामने व्हावयाचे होते. १०० मीटर हे लिडेल यांचे खास अंतर. परंतु त्याच्या प्राथमिक फेऱ्या रविवार, ता. ६ जुलै रोजी ठेविल्या होत्या. रविवार हा प्रभूचा दिवस, त्या दिवशी खेळावयाचे नाही, असा त्यांचा लहानपणापासूनचा नियम होता. चित्रपटात ही बातमी त्यांस पॅरिसला जाताना बोटीवर कळल्याचे दाखविले आहे. वस्तुतः वेळापत्रक त्यांस अनेक महिने आधी कळले होते आणि तेव्हाच त्यांनी शांतपणे नकार दिला होता. काहींनी त्यांस देशाभिमानशून्य म्हटले. त्यांनी वाद घातला नाही. उलट टीकाही केली नाही. ते २०० व ४०० मीटरांच्या तयारीस लागले. १०० मीटरांची शर्यत ब्रिटनच्याच हॅरोल्ड अब्राहम्स यांनी जिंकली. २०० मीटरांत लिडेल यांस तिसरा क्रमांक मिळाला.

ता. ११ जुलै, शुक्रवारी ४०० मीटरांची अंतिम शर्यत झाली. त्या सकाळी ब्रिटिश चमूच्या एका मालिश करणाऱ्याने त्यांच्या हाती एक चिठ्ठी दिली. तीत पवित्र शास्त्रातील एका वचनाचे स्मरण करून दिले होते. लिडेल यांच्या वाट्यास अगदी बाहेरची मार्गिका आली होती. तीतून धावणारास आपले प्रतिस्पर्धी दिसत नाहीत. दुसऱ्याचा वेग पाहून आपला वेग ठरविण्याची सोय नसते. तेव्हा त्यांनी पहिले २०० मीटर जणू तेवढीच शर्यत आहे अशा वेगाने कापले. आता हे दमणार असे जाणत्यांस वाटले, पण अंतर कमी होण्याऐवजी वाढतच गेले. ४७.६ सेकंदांत नवा ऑलिंपिक उच्चांक करून त्यांनी सुवर्णपदक मिळविले.

ह्यानंतर सहाच दिवसांनी, ता. १७ जुलै रोजी, एडिंबरो विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात त्यांस बी. एस्सी. पदवी मिळाली. विद्यार्थ्यांनी त्यांच्या मस्तकी पानांचा मुकुट घालून त्यांस खांद्यावरून मिरवीत नेले. अभ्यास व मैदान यांचे वैर आहे असे मानणाऱ्या पालकांनी ह्या दोन तारखांचा अवश्य विचार करावा, अशी आमची नम्र सूचना आहे.

एवढी कीर्ती मिळाल्यावर कोणीही आणखी काही वर्षे धावला असता. लिडेल अवघे २३ वर्षांचे होते. परंतु १९२५ च्या उन्हाळ्यात ते चीनला निघून गेले. टिएन्ट्सिन येथील अँग्लो-चायनीज कॉलेजात त्यांनी विज्ञान शिकविले व मुलांचे खेळ घेतले. शहरातील मिन युआन क्रीडांगणाच्या उभारणीसही त्यांनी हातभार लावला. १९३२ साली त्यांस धर्मसेवेची दीक्षा मिळाली व १९३४ साली फ्लॉरेन्स मॅकेन्झी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. चीन-जपान युद्ध सुरू झाल्यावर ते सिआओचांगच्या खेड्यापाड्यांत काम करावयास गेले. ज्या गावात त्यांच्या पायांविषयी अशुभ भाकीत झाले होते, त्याच मुलुखात ते आता पायी व सायकलीवरून हिंडत, जखमी व भयभीत लोकांस मदत करीत. १९४१ साली परिस्थिती बिकट झाल्यावर त्यांनी पत्नीस व दोन मुलींस कॅनडास पाठविले. तिसरी मुलगी तिकडेच जन्मली; तिचे मुख त्यांच्या दृष्टीस कधीच पडले नाही.

१९४३ च्या मार्चमध्ये जपानी लष्कराने त्यांस शांटुंग प्रांतातील वेइहसिएन येथील कैदी-छावणीत ठेविले. भिंतींच्या आत दीड हजारांहून अधिक माणसे कोंडलेली. त्यांत चीफूच्या मिशन शाळेची, आईबापांपासून दुरावलेली मुले होती. वसतिगृहात वाढलेल्या लिडेल यांस त्यांचे दुःख कोणी समजावून सांगावयास नको होते. ती सारी मुले त्यांस एरिककाका म्हणत. ते त्यांस रसायनशास्त्र शिकवीत. उपकरणे नव्हती म्हणून त्यांच्या आकृती हाताने काढून देत. हॉकीच्या मोडक्या काठ्यांस चादरीच्या पट्ट्या गुंडाळून त्या पुन्हा खेळण्याजोग्या करीत. रविवारी खेळ घ्यावयाचे नाहीत असा त्यांचा नियम तेथेही प्रथम होता. पण देखरेखीवाचून मुले खेळू लागली व मारामारीवर आली, तेव्हा पुढील रविवारी लिडेल स्वतः पंच म्हणून मैदानात उभे राहिले. ज्यांनी सुवर्णपदकासाठी आपला नियम मोडला नाही, त्यांनी तो पोरक्यासारख्या झालेल्या मुलांसाठी बाजूस ठेविला! आमच्या मते त्यांच्या चरित्रातील सर्वांत मोठा प्रसंग पॅरिसमधील नसून हा आहे.

छावणीतील एका मुलाचे जोडे थंडीच्या दिवसांत फाटून गेले होते. लिडेल यांनी आपले धावण्याचे जुने, दोऱ्याने सांधलेले जोडे त्यास नेऊन दिले. शत्रूसाठीही प्रार्थना करावी, असे ते मुलांस शिकवीत. हाच मुलगा युद्धानंतर मिशनरी होऊन जपानात गेला. जोडे दिल्यावर थोड्याच दिवसांत, ता. २१ फेब्रुवारी १९४५ रोजी, मेंदूतील गाठीच्या विकाराने लिडेल यांचा अंत झाला. वय अवघे ४३ होते. सहा महिन्यांनी छावणी मुक्त झाली. १९९१ साली एडिंबरो विद्यापीठाने त्या ठिकाणी, स्कॉटलंडमधील मल बेटाच्या ग्रॅनाइट दगडाचे स्मारक उभारले.

आवड आणि हाव यांत मोठे अंतर आहे. लिडेल यांस धावण्याची आवड होती, म्हणून एका मित्राच्या आग्रहाने ते मैदानात उतरले, शिक्षकापुढे नवशिके झाले, हसे होण्याची भीती त्यांनी टाकून दिली, पडल्यावर उठले. त्यांस हाव नव्हती, म्हणून बोलावणे येताच भर ऐश्वर्यात ते मैदानातून बाहेर पडू शकले, आणि शेवटी जोडेही देऊ शकले. आमच्या विद्यार्थ्यांपैकी प्रत्येकजण पहिला येणार नाही. शर्यतीत पहिला एकच असतो. पण आरंभ प्रत्येकास करता येईल. रोज सकाळी थोडे सावकाश धावावे, दम लागला तर चालावे, दोरीपाशी एकदम थांबू नये, आणि शेजारी उभ्या असलेल्या नवख्या सोबत्यास हात द्यावा. इतके केल्यास गोडी आपोआप लागेल. आणि पालकांनीही सकाळी त्यास हाक मारून उठवावे, अशी आमची त्यांस विनंती आहे.