माउझर हे हत्याराचं नव्हे, माणसाचं नाव! बंदूक कारागिराच्या तेराव्या मुलाची गोष्ट

पोलिसांनी गावठी पिस्तूल पकडलं की बातमीत हमखास एक शब्द येतो, माउझर. हा शब्द सगळ्यांच्या तोंडात बसलाय. पण माउझर हे एका जर्मन माणसाचं आडनाव आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. त्यांचं नाव पॉल माउझर. आणि ज्या पिस्तुलामुळे हे आडनाव आपल्याकडे पोचलं, ते पिस्तूल त्यांनी स्वतः बनवलंच नव्हतं!

बाराव्या वर्षी कारखान्यात

पॉल माउझर यांचा जन्म २७ जून १८३८ रोजी जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फ या नेकार नदीकाठच्या लहानशा गावात झाला. वडील तिथल्या सरकारी बंदूक कारखान्यात कारागीर. घरात तेरा भावंडं, त्यात पॉल शेंडेफळ. कारखाना एका जुन्या मठाच्या इमारतीत चालायचा. घरची ओढाताण असल्याने बाराव्या वर्षीच पॉल तिथं कामाला लागले. पुढे १८५९ मध्ये सैन्यात भरती झाल्यावर त्यांना तोफखान्यात घेतलं. तोफांची रचना जवळून बघायला मिळाली आणि डोक्यात नव्या बंदुकीचा विचार घोळू लागला.

थोरला भाऊ विल्हेल्म त्यांच्या जोडीला होता. पॉल यांचा हात यंत्रावर, तर विल्हेल्म बोलाचालीत आणि व्यवहारात तरबेज. दाराची कडी सरकवावी तसा दांडा मागे ओढायचा, काडतूस घालायचं आणि दांडा पुढे सारून खाली वळवला की बंदूक तयार, अशी रचना दोघांनी बसवली.

हात पोळले, पण डाव सोडला नाही

१८६७ मध्ये नॉरिस नावाच्या अमेरिकन व्यापाऱ्याने त्यांच्याशी करार केला. दोघे भाऊ बेल्जियममधल्या लिएज शहरात गेले. मात्र बंदूक काही खपली नाही. नॉरिसने हात आखडता घेतला आणि भाऊ गावी परतले. तरी त्यांनी काम सोडलं नाही. अखेर प्रशियाच्या सैन्याने त्यांची बंदूक स्वीकारली. तीच १८७१ ची रायफल. १८७४ मध्ये तर ज्या कारखान्यात पॉल पोरवयात राबले, तोच सरकारी कारखाना माउझर बंधूंनी बँकेच्या मदतीने विकत घेतला.

१८८२ मध्ये विल्हेल्म गेले. पॉल एकटे पडले, पण काम वाढतच गेलं. १८८७ मध्ये तुर्कस्तानने पाच लाखांहून जास्त बंदुकांची मागणी नोंदवली. १८९८ ची माउझर रायफल तर इतकी पक्की ठरली की आजही अनेक शिकारी रायफली त्याच रचनेवर बनतात.

पिस्तूल घडवलं तीन भावांनी

आता त्या प्रसिद्ध पिस्तुलाबद्दल. कारखान्याच्या प्रयोगशाळेत फीडरले आडनावाचे तीन भाऊ कामाला होते: फिडेल, फ्रिडरिश आणि योसेफ. रिकाम्या वेळात त्यांनी एक पिस्तूल जुळवलं. १८९५ मध्ये पहिला नमुना तयार झाला. गोळी सुटल्यावर बसणाऱ्या धक्क्याचाच वापर करून रिकामं काडतूस बाहेर फेकायचं आणि नवं आपोआप वर घ्यायचं, ही त्याची करामत. दहा काडतुसं खटक्याच्या पुढच्या पेटीत, वरून पट्टीने भरायची. आतले भाग एकमेकांत असे गुंतवलेले की मुठीचा स्क्रू सोडला तर सगळ्या पिस्तुलात दुसरा स्क्रू नाही. लाकडी पेटी हे पिस्तुलाचं म्यान, आणि तीच मुठीमागे जोडली की खांद्याला टेकवायचा दस्ता.

पेटंट मात्र मालकाच्या, म्हणजे पॉल माउझर यांच्या नावावर झालं. कारागीर मागे राहिले, नाव मालकाचं झालं. गंमत म्हणजे जर्मन सैन्याने १९०८ मध्ये मुख्य पिस्तूल म्हणून निवडलं ते लुगर, माउझर नव्हे. तरीही १९३७ पर्यंत सुमारे दहा लाख माउझर पिस्तुलं बनली. चीन आणि स्पेनमध्ये नकलाही निघाल्या.

मुंबईचा धक्का आणि कलकत्त्याची चोरी

या पिस्तुलाचा आपल्याशीही संबंध आहे. १८९६ मध्ये तरुण लष्करी अधिकारी विन्स्टन चर्चिल मुंबईच्या ससून डॉकवर उतरत होते. भिंतीतली लोखंडी कडी धरताना बोटीला हिसका बसला आणि त्यांचा खांदा निखळला. त्या खांद्यामुळे १८९८ च्या सुदानच्या लढाईत त्यांनी तलवारीऐवजी माउझर पिस्तूल हाती घेतलं.

पॉल माउझर २९ मे १९१४ रोजी वारले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, २६ ऑगस्टला, कलकत्त्यात रॉडा कंपनीच्या मालातून क्रांतिकारकांनी ५० माउझर पिस्तुलं आणि ४६ हजार काडतुसं पळवली. १९२५ च्या काकोरी कटातही माउझरच होती. इंग्रजांविरुद्धच्या लढ्यात हे जर्मन आडनाव असं आपल्याकडे रुजलं.

डोळा गमावलेला मालक

१९०१ मध्ये एका नव्या रायफलची चाचणी घेताना अपघात झाला आणि पॉल यांचा एक डोळा गेला. तरी त्यांनी काम थांबवलं नाही. जुनी माउझर पिस्तुलं जमवून मैदानावर चालवणारे परदेशातले शौकीन आजही हा धडा विसरत नाहीत. शंभर वर्षांच्या पिस्तुलात स्प्रिंग थकलेली असते. मागचा दांडा अडवणारा तुकडा झिजला असेल, तर तो दांडा थेट तोंडाकडे येऊ शकतो. म्हणून आधी जाणकाराची तपासणी, मगच गोळी. सगळ्या भागांवरचे नंबर जुळतात का, हेही बघतात. जुळले तर किंमत वाढते. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याने मागवलेल्या पिस्तुलांच्या मुठीवर लाल रंगात ९ चा आकडा असतो. तो ९ मिलिमीटरचंच काडतूस घालायचं, हे सांगण्यासाठी. संग्राहक अशा पिस्तुलांच्या शोधात असतात.

आपल्याकडे मात्र परवान्याशिवाय असलं हत्यार बाळगणं हा गुन्हा आहे, मग ते कितीही जुनं असो. आणि बातम्यांत येणाऱ्या गावठी पिस्तुलाचा ओबर्नडॉर्फच्या कारखान्याशी काडीचा संबंध नसतो. तिथं फक्त माउझर हे नाव उरलंय. आणि ज्या फीडरले भावांनी ते पिस्तूल घडवलं, त्यांचं तर नावही आपल्यापर्यंत पोचलं नाही.