काकासाहेब गाडगीळ

मुलांनो, पुण्याची पर्वती तुम्ही पाहिली आहे का? तेथील देवळात अस्पृश्य मानलेल्या लोकांना जाऊ देत नसत. म्हणून १९२९ साली तेथे सत्याग्रह झाला. सत्याग्रहींवर दगडफेक झाली. त्या सत्याग्रहात एक तरुण वकील होते. त्यांचे नाव नरहर विष्णू गाडगीळ. लोक त्यांना काकासाहेब म्हणत.

काकासाहेबांचा जन्म १८९६ साली झाला. फर्ग्युसन कॉलेजातून ते पदवीधर झाले आणि १९२० साली वकील झाले. त्याच वर्षी ते काँग्रेसच्या कामाला लागले. आता सांगा, वकीलच तुरुंगात गेला तर अशिलांनी काय करावे? काकासाहेब तर आठ वेळा तुरुंगात गेले!

१९४७ साली देश स्वतंत्र झाला. पंडित नेहरूंच्या मंत्रिमंडळात ते बांधकाम, खाणी व वीज या खात्यांचे मंत्री झाले. त्याच वर्षी काश्मीरवर हल्ला झाला. जम्मूची रेल्वे सियालकोटवरून जात असे. ते शहर आता पाकिस्तानात होते. पठाणकोटकडून धड रस्ता नव्हता. मग सैन्याला धान्य आणि दारूगोळा पोचवायचा कसा? काकासाहेबांनी पठाणकोट ते जम्मू हा रस्ता तातडीने बांधायला लावला. काही महिन्यांतच त्यावरून लष्कराच्या मोटारी धावू लागल्या.

१९५८ ते १९६२ या काळात ते पंजाबचे राज्यपाल होते. नंतर ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १२ जानेवारी १९६६ रोजी त्यांचे निधन झाले. आपली जीवनकथा त्यांनी ‘पथिक’ या ग्रंथात लिहिली आहे. तुमचे मराठी वाचन वाढले की ती जरूर वाचा.