डॉ. रुस्तुम जाल वकील

रक्तदाबाचा विकार आज सर्वांच्या परिचयाचा आहे आणि त्यावर औषधेही सहज मिळतात. परंतु १९४५ च्या सुमारास परिस्थिती फार वेगळी होती. त्या वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट हे वाढलेल्या रक्तदाबाने मेंदूत रक्तस्राव होऊन मृत्यू पावले. एका बलाढ्य राष्ट्राच्या प्रमुखालाही वाचवील असे औषध वैद्यकशास्त्राजवळ नव्हते. रोग्याने मीठ वर्ज्य करावे, विश्रांती घ्यावी आणि अगदीच निरुपाय झाल्यास मज्जातंतू छेदण्याची अवघड शस्त्रक्रिया करून घ्यावी, एवढेच उपाय होते. ही उणीव ज्यांनी दूर केली, त्यांत मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांचे नाव अग्रभागी आहे.

वकील यांचा जन्म १९११ साली मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. वैद्यकाचे उच्च शिक्षण त्यांनी लंडन येथे घेतले. शिक्षण पुरे करून ते मायदेशी परतले आणि परळच्या के. ई. एम. रुग्णालयात रुग्णसेवा करू लागले. हृदयविकार हा त्यांच्या अभ्यासाचा मुख्य विषय होता.

आपल्या देशात सर्पगंधा नावाचे एक लहानसे झुडूप आढळते. त्याचे वाकडेतिकडे मूळ सर्पदंशावर, निद्रानाशावर आणि उन्मादावर देण्याची चाल फार पुरातन आहे. १९३१ साली कलकत्त्याचे डॉ. गणनाथ सेन व डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनी या मुळीने रक्तदाबही उतरतो, असे नमूद केले. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी तिच्यातील काही द्रव्ये वेगळी काढली. तरीही बाहेरच्या जगाला तिची फारशी वार्ता नव्हती. वैद्यांचा तिच्यावर विश्वास होता. परंतु विश्वास म्हणजे पुरावा नव्हे.

हा पुरावा उभा करणे सोपे नव्हते. रक्तदाब सदासर्वदा एकसारखा राहत नाही. भीतीने तो चढतो, विश्रांतीने उतरतो. तेव्हा एखाद्या रोग्याला बरे वाटले, एवढ्याने औषधाचा गुण सिद्ध होत नाही. डॉ. वकिलांनी ५० रोग्यांना सर्पगंधा देऊन त्यांचा रक्तदाब पुनःपुन्हा मोजला व आकडे नोंदून ठेवले. त्यांतील बहुतेकांचा रक्तदाब हळूहळू खाली आला. हे निष्कर्ष त्यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नल या मान्यवर नियतकालिकात प्रसिद्ध केले.

या लेखाने जगाचे लक्ष वेधले. अमेरिकेत बोस्टन येथे डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी सर्पगंधेचे प्रयोग सुरू केले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञांनी मुळीतील रेसर्पिन हे गुणकारी द्रव्य वेगळे काढले. आपल्या मज्जातंतूंच्या टोकांशी काही रसायने साठवलेली असतात. ती सुटली की रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. रेसर्पिन हा साठाच रिता करते. त्यामुळे रक्तवाहिन्या सैलावतात आणि दाब उतरतो.

परंतु जे द्रव्य उपकार करते, तेच अपायही करू शकते. हाच साठा मेंदूतही रिता होत असे. औषधाचा प्रसार झाल्यावर काही रोग्यांचे नाक चोंदते, काहींना सुस्ती येते, तर काहींचे मन खिन्नतेने ग्रासून जाते, असे दिसून आले. वनस्पतीपासून मिळालेले औषध निरुपद्रवी असलेच पाहिजे, हा समज किती भ्रामक आहे, हे यावरून कळून येते. पुढे डॉक्टरांनी मात्रा कमी केली आणि कालांतराने अधिक निर्धोक औषधे निघाल्यावर रेसर्पिन मागे पडले.

डॉ. वकिलांना १९५७ साली अमेरिकेतील लास्कर पारितोषिक मिळाले. १९५८ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले. १९७४ साली त्यांचे निधन झाले.

जुने म्हणून त्यांनी सर्पगंधेला टाकाऊ ठरविले नाही. तसेच जुने म्हणून तिच्यावर डोळे मिटून विश्वासही ठेवला नाही. त्यांनी ती कसोटीवर घासून पाहिली. ज्या रोग्यांना कोणताच आधार नव्हता, त्यांना त्या कसोटीमुळे जगण्याची आशा लाभली.