लक्ष्मणराव किर्लोस्कर : यंत्राची बैठक घालणारा माणूस

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत कोणा एका थोर पुरुषाचे चरित्र असावे, असे ठरले तेव्हा आमच्यापुढे लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव सहजच उभे राहिले. आमच्यापैकी अनेक कुटुंबे या दूरच्या मुलखात आली ती कारखान्याच्या भोंग्याच्या हाकेवर. येथील भाषा परकी, अन्न परके, हवाही परकी. अशा वेळी कारखान्यात पाऊल टाकताच एखाद्या लेथच्या नावाच्या पट्टीवर ‘किर्लोस्कर’ ही अक्षरे दिसावीत आणि घरचेच कोणी भेटल्यासारखे वाटावे, हा अनुभव आमच्या पिढीतील पुष्कळांचा आहे.

अशाच एका जुन्या लेथने आम्हांला लक्ष्मणरावांचे चरित्र पुन्हा वाचावयास लावले. काही वर्षांपूर्वी आमच्या छोट्या वर्कशॉपमध्ये तो लेथ संगणकाच्या आज्ञेवर चालणारा करण्याचे आम्ही मनावर घेतले. हाताने फिरवावयाची चाके काढली. जुन्या आट्यांच्या दांड्याच्या जागी बॉल-स्क्रू बसविला, कारण आट्यांत किंचितही ढिलाई असली तर हत्यार उलट फिरताना मागे राहते आणि संगणकाला त्याचा पत्ताही लागत नाही. दोन्ही चालींना सर्व्हो मोटरी जोडल्या, स्पिंडलचे फेरे मोजणारे साधन बसविले, हत्यार हद्दीबाहेर जाऊ नये म्हणून दोन्ही टोकांना स्विचे लावली. एवढे सारे करून पहिला दांडा कातला, तो एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक! दोन दिवस आम्ही संगणकातील आज्ञा तपासत बसलो. दोष आज्ञांत नव्हता. तो आमच्या घाईत होता. लेथ जागेवरून हलविल्यावर त्याचा बेड पाणसळीने पुन्हा समतल करावयाचाच राहून गेला होता. बेडला सूक्ष्म पीळ पडला होता आणि संगणक त्या वाकड्या वाटेवरून बिनचूक चालत होता! पायाखाली पट्ट्या सरकवून, नटबोल्ट थोडे थोडे आवळून बैठक साधली, तेव्हा माल सरळ निघू लागला.

यंत्राची बैठक आधी, बाकीचे सारे नंतर, हा धडा लक्ष्मणरावांनी आयुष्यभर गिरविला. स्वतःच्या आयुष्याची बैठक तर त्यांना एकदा नव्हे, अनेकदा नव्याने घालावी लागली.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे व्यासंगी. मुलाचे मन मात्र शाळेच्या पुस्तकांत रमेना. ते चित्रांत आणि यंत्रांत रमे. थोरले बंधू रामुअण्णा यांच्या पाठबळावर १८८५ च्या सुमारास हा मुलगा मुंबईस जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. दोन वर्षे गेली आणि तेथे एक कटू सत्य बाहेर आले. लक्ष्मणरावांना काही रंगांतील भेद ओळखता येत नव्हता. चित्रकार होऊ पाहणाऱ्या तरुणाला याहून मोठा आघात तो कोणता? दुसरा एखादा निराश होऊन गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, पण रेषा सोडली नाही. ते यंत्रांची रेखाचित्रे काढण्यास शिकले आणि त्याच विषयाचे शिक्षक म्हणून व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट या संस्थेत रुजू झाले.

तेथील वर्कशॉप हेच त्यांचे खरे विद्यापीठ ठरले. शिकविण्याचे तास संपले की ते यंत्रांपाशी जात. ती खोलून पाहत, दुरुस्त करीत, चालवीत. परदेशी पुस्तके आणि मासिके वाचून यंत्रविद्येचे ज्ञान त्यांनी स्वकष्टाने मिळविले. पुढे बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगावची वाट धरली. महिन्याच्या महिन्याला हाती येणारा पगार सोडणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

बेळगावात किर्लोस्कर बंधूंचे सायकलींचे दुकान १८८८ पासूनच सुरू होते. सायकल ही तेव्हा नवलाईची वस्तू. ती विकावयाची तर आधी गिऱ्हाइकाला तीवर बसण्यास शिकवावे लागे, आणि हे कामही दुकानच करी. तथापि दुसऱ्याने केलेला माल विकण्यात लक्ष्मणरावांचे समाधान नव्हते. त्यांनी लहानसे वर्कशॉप थाटले. शेतकऱ्याच्या दारातील गरज ओळखून कडबा कापण्याचे यंत्र केले आणि त्यानंतर लोखंडी नांगर हाती घेतला. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी तेव्हा शेतकऱ्यांची दृढ समजूत होती. पहिले मोजके नांगर विकावयास दोन वर्षे लागली, असे सांगतात. लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याला दोष दिला नाही. नांगर सुधारला आणि तो शेतात चालवून दाखविला.

धंदा असा मार्गी लागत असतानाच दुसरा आघात झाला. बेळगाव नगरपालिकेला वस्तीच्या वाढीसाठी कारखान्याची जागा हवी होती. ती सोडणे भाग पडले. यंत्रे आहेत, माणसे आहेत, पण ती मांडावयास भूमी नाही, अशी ही अवस्था. आपला चंबूगबाळे उचलून परमुलखी आलेल्या आम्हां वाचकांना ती अधिक समजावून सांगावयास नको.

या संकटात औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. लक्ष्मणराव तेव्हा औंधास एका सभामंडपाचे बांधकाम करीत होते. या गुणग्राही राजाने आपल्या संस्थानात, कुंडल रोड स्टेशनजवळ, बत्तीस एकर जमीन आणि दहा हजार रुपये बिनव्याजी कर्ज देऊ केले. जमीन म्हणजे निवडुंगाचे रान आणि सापांचे माहेरघर. १९१० साली तेथे मुक्काम पडला. निवडुंग तोडावयाचा, निवारा उभारावयाचा, पाणी शोधावयाचे आणि त्याबरोबरच यंत्रांचे चौथरे बांधून बेळगावहून आलेली यंत्रे त्यांवर बसवावयाची, असा तो दुहेरी संसार होता. पत्नी राधाबाई, बंधू रामुअण्णा आणि मंगेशराव रेगे, शंभूअण्णा जांभेकर, अनंतराव फाळणीकर यांसारखे सहकारी यांच्या श्रमांतून त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. घरे, रस्ते, शाळा, बागा यांनी युक्त अशी ही वसाहत भारतातील पहिल्या उद्योगनगरांपैकी एक गणली जाते. तेथे अस्पृश्यतेला थारा नव्हता. तुरुंगवास भोगून आलेल्या माणसांवर पहाऱ्याची जबाबदारी सोपविण्याइतका विश्वास तेथे होता. यंत्राप्रमाणे माणसाचीही बैठक नीट घातली तर तो सरळ चालतो, हीच त्यामागील धारणा असावी, असे आम्हांस वाटते.

पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड येणे दुरापास्त झाले. तेव्हा कोल्हापूरचे शाहू महाराज यांनी पन्हाळगडावरील जुन्या, निकामी तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर ओतले गेले. जुने लोखंड टाकून द्यावयाचे नसते, त्याला नवे काम द्यावयाचे असते, याचे याहून बोलके उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

१९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच साली पुतणे शंकरराव यांच्या संपादकत्वाखाली ‘किर्लोस्कर खबर’ निघाले आणि मराठी घरांत या कुटुंबाचे नाव कायमचे रुजले. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये यंत्रविद्या शिकून १९२६ साली परतले. पुढे १९४१ मध्ये म्हैसूर संस्थानात, तुंगभद्रेकाठी हरिहर येथे, म्हैसूर किर्लोस्कर ही कंपनी निघाली आणि लेथ तयार होऊ लागले. १९४६ मध्ये पुण्यास ऑइल इंजिनांची व बंगळुरास विजेच्या मोटरींची कंपनी स्थापन झाली. नांगर करणाऱ्या घराण्याने यंत्रे घडविणारी यंत्रे करावीत, हा केवढा पल्ला!

येथे एक योगायोग सांगितल्यावाचून राहवत नाही. ज्या संस्थेत शंतनुराव शिकले, त्याच संस्थेने १९५२ साली फितीवरील छिद्रांत भरलेल्या आकड्यांच्या आज्ञेने चालणारे मिलिंग यंत्र जगाला दाखविले. आजच्या संगणकचालित यंत्रांचा तो पूर्वज. लक्ष्मणराव तेव्हा हयात होते. २६ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. १९६९ साली, त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

हरिहरचा तो लेथचा कारखाना काळाच्या ओघात बंद पडला. तेथील लेथ मात्र देशभरच्या लहान वर्कशॉपांतून अजून आढळतात. त्यांतील काहींच्या अंगावर आता मोटरी आणि तारा चढल्या आहेत, समोर पडदा लागला आहे. खालचा ओतीव बेड तोच आहे. आमच्या वर्कशॉपमधील लेथही असाच चालू आहे. दर काही महिन्यांनी आम्ही त्यावर पाणसळ ठेवून पाहतो. नव्याने कामावर आलेल्या मुलांना संगणकाच्या आज्ञा आधी शिकावयाच्या असतात. आम्ही प्रथम त्यांच्या हाती पाणसळ देतो.

आमची मुले येथेच जन्मली, येथेच वाढली. गाव कोणते, असे विचारले तर ती या शहराचे नाव सांगतात, आणि त्यात काही वावगे नाही. उपटलेले यंत्रही नव्या चौथऱ्यावर उत्तम चालते, मात्र बैठक घालताना घाई करून भागत नाही. रंग हिरावले, नोकरीत न्याय नाकारला गेला, जागा गेली, आणि दर वेळी लक्ष्मणरावांनी शांतपणे पुन्हा पाया समतल केला. मंडळाची ही पन्नास वर्षेही आमच्या मते तेच काम करण्यात गेली आहेत. त्या थोर यांत्रिकास आमचे विनम्र अभिवादन.