विश्लेषण : चित्रकार कार्व्हर कापसाच्या मातीकडे का वळले?

वीणा गवाणकर यांच्या ‘एक होता कार्व्हर’ या पुस्तकामुळे जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर मराठी घरांत पोहोचले. यवतमाळच्या कापूस उत्पादकांसाठी त्यांची गोष्ट अधिकच जवळची आहे.

गुलाम ते चित्रकार

१८६४ च्या सुमारास अमेरिकेतील मिसुरीत गुलाम आईच्या पोटी जन्म. टोळीने मायलेकांना पळवून नेले. बाळ परत मिळाले, आई कधीच सापडली नाही. लोकांचे कपडे धुऊन कार्व्हर शिकले. कॉलेजात चित्रकला घेतली, पण शिक्षिकेच्या सल्ल्याने ते वनस्पतिशास्त्राकडे वळले. तरी १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात त्यांचे चित्र लागले.

थकलेल्या जमिनीवर उपाय काय?

१८९६ मध्ये ते अलाबामातील टस्कीगी येथे कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेत रुजू झाले. वर्षानुवर्षे फक्त कापूस घेऊन तिथली जमीन निकस झाली होती. कापसानंतर भुईमूग, चवळी घ्या, असा त्यांचा आग्रह होता. या पिकांच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरून ठेवतात. १९०६ पासून अवजारे आणि नमुने घेऊन संस्थेची गाडी गावोगाव फिरू लागली. शेतकऱ्याच्या बांधावरच प्रदर्शन!

आज काय उरले?

५ जानेवारी १९४३ रोजी कार्व्हर यांचे निधन झाले. १९४७ मध्ये टस्कीगीतील त्यांच्या संग्रहालयाला आग लागली आणि बरीच चित्रे गेली. मातीचा धडा मात्र टिकला. यवतमाळच्या शिवारात कपाशीत तुरीच्या ओळी दिसतात, त्यामागचे शास्त्र हेच आहे.