विद्यापीठाचा जमाखर्च आणि अण्णासाहेब कर्वे

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नाव घेतले की विधवाविवाह आणि स्त्रीशिक्षण आठवते. सरकारी अनुदानाविना एक विद्यापीठ त्यांनी तीन दशकांहून अधिक काळ कसे तगवले, हा भाग मात्र चरित्रांच्या कडेलाच राहतो. वास्तविक त्यांच्या कार्याची खरी कसोटी तिथेच लागली.

१८ एप्रिल १८५८ रोजी जन्मलेले अण्णासाहेब कोकणातील मुरूडचे. गावासाठी वर्गणीतून निधी उभारण्याची सवय त्यांना ‘मुरूड फंडा’पासूनच जडली होती. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत असतानाच १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला आणि स्वतःची पाच हजार रुपयांची विमा पॉलिसी संस्थेच्या नावे केली. घरात याचे स्वागत झाले नाही. पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया, यांना मुलाबाळांची काळजी होती, आणि ती अवाजवी म्हणता येणार नाही. पुढे आश्रम हिंगण्यास गेला, तेव्हा पुण्यातील अध्यापन आटोपून अण्णासाहेब पायी तिकडे जात.

पैशाइतकाच बिकट प्रश्न माणसांचा होता. मोठा पगार देणे अशक्य, आणि अल्प पगारावर येणारा शिक्षक टिकेल याचा भरवसा नाही. यावर त्यांनी १९०८ मध्ये निष्काम कर्ममठ स्थापन केला. मठात येणाऱ्याने आपले आयुष्य संस्थेला वाहायचे आणि निर्वाहापुरते जे मिळेल त्यात समाधान मानायचे. संस्थेचा कणा याच सेवकवर्गाने सांभाळला. अशी व्यवस्था सेवकांच्या कुटुंबीयांच्या त्यागावरही उभी असते, हेही नोंदवले पाहिजे. बायांची बहीण पार्वतीबाई आठवले आश्रमासाठी गावोगाव फिरल्या आणि पुढे इंग्रजीचे अपुरे ज्ञान घेऊन अमेरिकेपर्यंत गेल्या.

जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका हाती पडल्यावर अण्णासाहेबांच्या मनात नवी कल्पना रुजली. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ सुरू झाले. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर कुलपती व रँग्लर र. पु. परांजपे कुलगुरू झाले. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्गात विद्यार्थिनी अवघ्या पाच. सरकारी मान्यता नाही, म्हणून अनुदान नाही. पदवीला नोकरीच्या बाजारात किंमत नाही, म्हणून विद्यार्थिनी थोड्या. मातृभाषेतून शिक्षण देण्याचा आग्रह सोडला असता तर वाट काहीशी सोपी झाली असती, पण ते त्यांना मान्य नव्हते.

१९२० मध्ये मुंबईचे उद्योगपती सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाखांची देणगी जाहीर केली. विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव देण्यात आले. मूळ रकमेऐवजी तिचे साडेतीन टक्क्यांचे व्याज, म्हणजे वर्षाला ५२,५०० रुपये, हाती येऊ लागले. पण मिळकतीचा मोठा हिस्सा एकाच दात्याकडून येणे जोखमीचे असते. १९२२ मध्ये सर विठ्ठलदास वारले आणि पुढे विश्वस्तांशी मतभेद होऊन हा ओघ काही काळ थांबला. तडजोडीनंतर १९३६ मध्ये विद्यापीठाचे मुख्यालय मुंबईस गेले. पुण्यात वाढवलेली संस्था डोळ्यांदेखत हलली. अण्णासाहेबांनी तो निर्णय स्वीकारला.

दरम्यान, सत्तरी उलटलेले अण्णासाहेब १९२९ मध्ये युरोप, अमेरिका, जपानच्या दौऱ्यावर निघाले. परतल्यावर वर्षही न सरता ते आफ्रिकेस गेले. तेथील भारतीय व्यापारी, कारकून, कारागीर यांच्या दारी जाऊन त्यांनी मदत मिळवली. लहान वर्गणीदाराला ते मोठ्या दात्याइतकेच महत्त्व देत, कारण शंभर लहान देणगीदारांतील एखादा गळाला तरी संस्था कोलमडत नाही.

१९५१ मध्ये विद्यापीठाला वैधानिक दर्जा मिळाला, तेव्हा अण्णासाहेब ९३ वर्षांचे होते. या नव्या पर्वातील पहिल्या कुलगुरू झाल्या लेडी प्रेमलीला ठाकरसी, सर विठ्ठलदासांच्या पत्नी. १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, अण्णासाहेबांना भारतरत्न प्रदान करण्यात आले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.