ना. घ. देशपांडे : तबकडीवरून आलेला कवी

बुलढाणा जिल्ह्यातील सेंदुरजन येथे १९०९ साली जन्मलेल्या ना. घ. देशपांडे यांनी मेहकरला वकिली केली. १९३०च्या दशकारंभी त्यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांनी गाइली आणि ग्रामोफोनच्या तबकडीने ती दूरवर नेली. कवी मात्र मेहकरातच राहिला. तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे मावत. ध्रुवपदाकडे परतणारी आटोपशीर गीतरचना तेथे सहज सामावे, दीर्घ कवितेस तो दरवाजा बंदच. ‘शीळ’ हा संग्रह निघाला १९५४ साली, म्हणजे मर्ढेकरांच्या ‘काही कविता’नंतर (१९४७) सात वर्षांनी! संग्रहांच्या सनावळीवर विसंबणारा समीक्षक त्यांना उशिरा आलेला रोमँटिक कवी ठरवील; श्रोत्यांपर्यंत ते वीस वर्षे आधीच पोहोचले होते. ‘खूणगाठी’ला १९८६चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. २००० साली त्यांचे निधन झाले.